चौदावा वॉल्ट्झ

कॅसेटवर निळ्या शाईत एवढंच लिहिलेलं होतं : ‘शोपँ – वॉल्ट्झ’. वाजवणाऱ्याचं नाव नाही, साल नाही, गाव नाही. वरच्या मजल्यावरच्या काकांनी ती माझ्या हातात ठेवली तेव्हा मी अकरावीत होते आणि सहा वर्षांपासून पेटी शिकत होते. जिन्यात थांबवून ते म्हणाले, “पट्ट्यांमधून गाणं काढायचं असतं ना तुला? मग हे ऐक. परत द्यायची घाई नाही.”

पेटी शिकणाऱ्याच्या मनात एक सल असतो. आपल्या वाद्यावर मींड नाही, दोन सुरांच्या मधली वाट नाही. एक पट्टी सोडायची आणि दुसरी दाबायची, मधे फट आहेच. याच कारणासाठी आकाशवाणीनं १९४० पासून तीन दशकं पेटीला दार बंद ठेवलं होतं, हे आमचे गुरुजी आम्हाला सांगायचे, आणि मग म्हणायचे, “म्हणून आपण अशी वाजवायची की ऐकणाऱ्याला फट दिसता कामा नये.” फट न दिसू देणं म्हणजे नेमकं काय, ते मला त्या कॅसेटनं दाखवलं.

पियानोचं दुखणं तर पेटीहून मोठं. पेटीत भाता हलतोय तोवर सूर टिकतो, हवा तर फुगवता येतो, हवा तर बारीक करता येतो. पियानोत पट्टी दाबली की आत लोकरी नमद्यानं मढवलेली हातोडी तारेवर पडते आणि त्या क्षणापासून सूर विझू लागतो. वाजवणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. म्हणजे पियानोवरची गाती ओळ ही खरं तर विझत चाललेल्या ठिणग्यांची रांग असते. ती अखंड वाटावी असं वाटत असेल तर पुढचा सूर नेमका किती वजनाचा ठेवायचा, हे मागचा सूर विझत कुठवर आलाय ते ऐकून ठरवावं लागतं. थोडा जास्त झाला तर ठोका ऐकू येतो, थोडा कमी झाला तर ओळ तुटते. त्या कॅसेटवरचा माणूस हा हिशेब करतोय असं कुठेही जाणवत नव्हतं. तो नुसता गात होता.

मी पेटी घेऊन टेपरेकॉर्डरसमोर बसायची. एका वॉल्ट्झचा षड्ज सापडला : काळी एक. तो सी शार्प मायनरमधला, ओपस ६४ मधला दुसरा, हे पुढे कळलं. सुरुवातीला एक खिन्न, थबकत चालणारी धून. मग एक वेगवान ओळ, बारीक मोत्यांच्या सरीसारखी खाली-वर फिरणारी. मग मधेच लय सैलावते आणि कोमल गंधाराचा शुद्ध गंधार होतो. षड्ज तोच, काळी एकच, पण खोलीतली खिडकी कोणीतरी उघडावी तसा उजेड बदलतो. आणि मग ती मोत्यांची सर पुन्हा येते. अख्ख्या वॉल्ट्झमध्ये ती तीनदा येते. शोपँनं तिन्ही वेळी तेच सूर लिहिलेत. कॅसेटवरचा माणूस मात्र तिन्ही वेळी वेगळं काही सांगत होता. बदल अगदी थोडा असायचा, एखाद्या सुराशी केसभर रेंगाळणं, कुठे आवाज अर्ध्यावर आणणं. शेवटच्या वेळी ती सर वर चढत जाते आणि टोकाला पोचून नाहीशी होते. तिथे मी दर वेळी श्वास धरून बसायची.

डाव्या हाताकडे माझं लक्ष नंतर गेलं. वॉल्ट्झ हा तीन मात्रांचा नाच. डावा हात पहिल्या मात्रेवर खर्जाचा एक सूर देतो, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेवर दोन हलके स्वरमेळ. बस्स, एवढंच सतत. शोपँ शिष्यांना सांगायचा की डावा हात हा वाद्यवृंदाचा संचालक आहे, त्यानं ढळायचं नाही. उजव्या हातानं हवं तर रेंगाळावं, हवं तर पुढे धावावं. हे वाचलं तेव्हा मला काहीच नवं वाटलं नाही. आपल्याकडे ठेका आपल्या जागी चालत असतो, गायक त्याच्या मागे-पुढे झुलतो आणि समेवर येऊन भेटतो. त्या कॅसेटवर हेच होतं. उजवा हात कितीही लांब गेला तरी परत यायला घर होतं.

दोन वर्षं मी ती कॅसेट ऐकली. तेरा वॉल्ट्झ. तेरावा संपला की फितीची नुसती सरसर, आणि मग कळ वर उडाल्याचा खट्ट आवाज.

कॉलेजच्या ग्रंथालयात एका पुस्तकात वाचलं, की शोपँच्या हयातीत आठच वॉल्ट्झ छापले गेले, पण त्याच्या मागे छापलेले धरून चौदांचा संच वाजवण्याची रीत पडली आहे. माझ्याकडे तेरा होते. मी काकांकडे गेले. “काका, शेवटचा एक राहिलाय. टेप संपली का तुमची भरताना?”

काका कपाटापाशी गेले, एक तबकडी बाहेर काढली, तिच्या वेष्टनावरून हात फिरवला आणि म्हणाले, “टेप नाही संपली. माणूस थांबला.”

त्या दिवशी मला नाव कळलं. दिनू लिपाती. आपल्याकडे घराघरात दिनू असतो, कुणाचा दिनकर, कुणाचा दिनानाथ. युरोपातल्या थोर पियानोवादकाचं नाव दिनू असावं, याचं मला फार अप्रूप वाटलं. तो जणू आमच्याच आळीतला कुणी झाला.

हा दिनू रुमानियातला. १९१७ साली बुखारेस्टमध्ये जन्मला. वडील व्हायोलिन वाजवायचे, आई पियानो, आणि धर्मपिता कोण, तर जॉर्जे एनेस्कू, यहुदी मेन्युहिनचे गुरू. १९३३ मध्ये व्हिएन्नाच्या स्पर्धेत त्याला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं यालाच मिळायला हवं होतं, असं म्हणून परीक्षकांपैकी आल्फ्रेड कॉर्तो यांनी निषेधाचा राजीनामा दिला आणि मुलाला पॅरिसला बोलावून घेतलं. तिथे कॉर्तोंकडे पियानो, पॉल द्युकाकडे रचना, नादिया बुलांजेकडे अवघ्या संगीताचं शिक्षण. १९३५ च्या मे महिन्यात द्युका वारले. त्यानंतर तीनच दिवसांनी दिनूचा पॅरिसमधला कार्यक्रम होता. अठरा वर्षांच्या त्या मुलानं गुरूच्या स्मरणार्थ सुरुवातीला बाखचं एक भजन वाजवलं. मायरा हेसनं पियानोसाठी उतरवलेलं ते शांत, वाहतं कोराल. हे लक्षात ठेवायला हवं.

युद्धाच्या धुमश्चक्रीत १९४३ साली तो रुमानियातून निघाला आणि जिनिव्हात स्थिरावला. तिथल्या संगीत विद्यालयात शिकवू लागला. याच सुमारास अंगात कणकण राहू लागली. पुढे निदान झालं : हॉजकिन्सचा आजार, लसिकाग्रंथींचा कर्करोग. त्यावर तेव्हा धड उपाय नव्हता. दौरे रद्द होत गेले. त्याचं बहुतेक ध्वनिमुद्रण या आजाराच्या छायेतलंच. १९४७ साली लंडनला शोपँचा बी मायनर सोनाटा आणि ग्रीगचा कन्चेर्तो, १९४८ साली कारायानबरोबर शूमानचा कन्चेर्तो आणि शोपँची बार्कारोल. सगळं मिळून एका सुट्टीच्या दिवसात ऐकून संपेल एवढंच.

कमी असण्याला आजाराबरोबर त्याचा स्वभावही कारण होता. त्याचा ध्वनिमुद्रण-निर्माता वॉल्टर लेग यानं लिहून ठेवलंय, की कंपनीनं चायकोव्हस्कीचा कन्चेर्तो मागितला तेव्हा दिनूनं तयारीला तीन वर्षं मागितली आणि बेथोवनच्या ‘एम्परर’साठी चार. ज्याच्याकडे वर्षं उरली नव्हती, तो वर्षं मागत होता. कच्चं काही देणं त्याला जमण्यासारखंच नव्हतं.

१९५० च्या उन्हाळ्यात कॉर्टिझोन नावाचं नवं औषध मिळालं. फार महाग, फार दुर्मीळ. मित्रांनी आणि चाहत्यांनी मिळून ते जमवलं. काही आठवडे दिनूला बरं वाटलं. ही संधी साधून लेग आपली यंत्रसामग्री घेऊन जिनिव्हाला गेला आणि जुलैमध्ये तिथल्या आकाशवाणीच्या स्टुडिओत त्यांनी बाख, मोत्सार्ट आणि शोपँचे चौदाही वॉल्ट्झ ध्वनिमुद्रित केले. मग औषधाचा जोर ओसरला.

सोळा सप्टेंबरला बेझांसाँ इथे कार्यक्रम ठरलेला होता. पूर्व फ्रान्समधलं दूब नदीच्या वळणात वसलेलं हे जुनं गाव, व्हिक्टर ह्यूगोचं जन्मगाव. डॉक्टरांनी जाऊ नका म्हणून परोपरीनं सांगितलं. दिनूचं म्हणणं एकच, मी शब्द दिलाय. अंगात ताप, इंजेक्शनांचा आधार, आणि सभागृहाचा जिना चढतानाही धाप लागत होती. त्यानं बाखची पार्तिता वाजवली, मोत्सार्टचा ए मायनर सोनाटा वाजवला, शूबर्टचे दोन इम्प्रॉम्प्तू वाजवले. मग शोपँचे वॉल्ट्झ, त्यानं स्वतः लावलेल्या क्रमानं. तेरा झाले. चौदाव्याला हातात बळ राहिलं नाही. सांगतात की तो जरा थांबला आणि मग पुन्हा पट्ट्यांवर हात ठेवून त्यानं तेच बाखचं भजन वाजवलं, पॅरिसला द्युकांसाठी वाजवलेलं. फ्रेंच आकाशवाणीच्या फितीवर ते भजन नाही. त्या फितीवर तेरा वॉल्ट्झ आहेत. दोन डिसेंबरला जिनिव्हात तो गेला. वय तेहेतीस.

काकांकडून हे सगळं ऐकून मी खाली आले, कॅसेट लावली आणि मला रडू कोसळलं. त्या दिवसापासून माझं ऐकणं बदललं. आता मी वॉल्ट्झ ऐकत नव्हते, मी थकवा शोधत होते. कुठे लय किंचित घाईत गेली की वाटायचं, ताकद संपण्याआधी उरकून घेतोय. कुठे एखादा सूर हलका पडला की वाटायचं, बोट उचललं गेलं नाही. प्रत्येक वॉल्ट्झबरोबर मी मोजायची : आता नऊ उरले, आता चार. नाच ऐकण्याऐवजी मी एका माणसाच्या उशाशी बसून राहिले होते. आणि मला वाटायचं की असं ऐकणं हेच खोल ऐकणं.

यातून मला बाहेर काढलं ते एका चुकीनं. १९६० च्या दशकात लिपातीच्या नावावर शोपँच्या ई मायनर कन्चेर्तोची एक तबकडी बाजारात आली होती. जगभरच्या रसिकांनी ती डोक्यावर घेतली. त्यात त्यांना तोच अलौकिक स्पर्श ऐकू आला, तोच निरोपाचा सूर ऐकू आला. १९८१ साली उघड झालं की ते वाजवणं लिपातीचं नव्हतंच. ते होतं हालिना चेर्नी-स्टेफान्स्का या पोलिश बाईंचं, चेक फिलहार्मोनिकबरोबर केलेलं आणि आधीच प्रसिद्ध झालेलं. या हालिनाबाई कुणी सोम्यागोम्या नव्हेत. १९४९ साली वॉर्सॉच्या शोपँ स्पर्धेत पहिलं बक्षीस त्यांनी बेला दाविदोविच यांच्याबरोबर वाटून घेतलं होतं. दिनूनं तो कन्चेर्तो १९५० च्या फेब्रुवारीत झुरिकला खरोखर वाजवला होता. त्याचं जुनं ध्वनिमुद्रण सापडलं आणि खरी तबकडी निघाली.

हे वाचून मी बराच वेळ सुन्न होते. ज्यांनी ती तबकडी ऐकून डोळे पुसले, त्यांचे अश्रू खोटे नव्हते. वाजवणं सुंदरच होतं. पण ते सुंदर ज्या बाईनं केलं, तिचं नाव इतकी वर्षं कुणाच्या ओठांवर आलं नाही. लोकांनी तिच्या सुरात एका मरत्या माणसाची गोष्ट ऐकली, जी त्या सुरात नव्हतीच. आणि मी तरी दुसरं काय करत होते? मी दिनूच्या सुरांतही तीच गोष्ट घालत होते. त्याला विचारलं होतं का मी, की तुझ्या वाजवण्यात हे आहे का?

मग मी विचारायचं ठरवलं, म्हणजे नीट ऐकायचं ठरवलं. तोवर काका राहिले नव्हते. त्यांच्या घरच्यांनी त्यांच्या सगळ्या तबकड्या मला दिल्या. जुलैमधले जिनिव्हाचे चौदा आणि सप्टेंबरमधले बेझांसाँचे तेरा मी समोरासमोर ठेवून ऐकले, एकेक करून, पुष्कळ संध्याकाळी.

बेझांसाँच्या मुद्रणात एक जागा आहे, जी मी आधी कधी ऐकलीच नव्हती, कारण कॅसेटवर फक्त वॉल्ट्झ होते. बाख सुरू करण्याआधी दिनू नुसतेच काही सूर छेडतो. ज्या स्वरात पार्तिता आहे, त्या स्वराचा एक साधा मोकळा आलाप, वरपर्यंत नेऊन सोडून दिलेला. ती जुन्या पियानोवादकांची रीत. नवं वाद्य, परकं सभागृह, त्याचा अंदाज घ्यायचा, श्रोत्यांचे कान त्या स्वरात आणून बसवायचे आणि मग रचनेला हात घालायचा. षड्ज लावणंच ते. त्या दोन-चार क्षणांत मला जे कळलं ते इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. ज्याच्या अंगात ताप आहे, ज्याला जिना चढवत नाही, तो माणूस बसल्या बसल्या पहिली चौकशी करतो ती सुराची. स्वतःची नाही.

मग वॉल्ट्झ. सप्टेंबरमधलं वाजवणं जुलैसारखंच आहे असं मी म्हणणार नाही. ते जास्त सळसळतं आहे, स्टुडिओतल्यासारखं निवांत नाही. पण त्यात विव्हळणं कुठे नाही. रोमँटिक संगीत म्हणजे मन मोकळं करणं, असं आपण सहज म्हणतो, आणि पुष्कळ वाजवणारे शोपँला तसाच ओला करून टाकतात. प्रत्येक वळणावर एक उसासा, प्रत्येक उंच सुरावर एक कढ. दिनूच्या हातून ज्याला सर्वांत जास्त हक्क होता तो उसासाही बाहेर पडला नाही. डावा हात ढळला नाही. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. ए मायनरचा वॉल्ट्झ मुळातच उदास आहे. तिथेही तो शोपँनं लिहिली तेवढीच उदासी देतो, पदरची एक चिमूट घालत नाही. आणि म्हणूनच ती ऐकवत नाही आणि सोडवतही नाही.

त्यानं आपली गोष्ट संगीतात येऊ दिली नाही. संध्याकाळभर, त्या सगळ्या लोकांसमोर, त्यानं ती दाराबाहेर उभी केली होती. मी मात्र दर वेळी तिचा हात धरून तिला आत आणत होते. हे समजल्यावर मी मोजणं सोडलं.

मग उरला चौदावा. ए फ्लॅट, ओपस ३४ मधला पहिला. आमच्या भाषेत काळी चार. जिनिव्हाच्या जुलैत तो आहे, आणि दिनूनं तो मुद्दाम सगळ्यांत शेवटी ठेवलाय. किती दिवस मला वाटायचं की राहून गेलेला हा वॉल्ट्झ म्हणजे काहीतरी करुण, निरोपाचं असणार. तसा तो नाहीच. सुरुवातीला दवंडी पिटावी तशी तुताऱ्यांची हाळी आहे, मंडळींना नाचायला बोलावणारी, आणि मग जी दौड सुटते ती नुसती उसळत जाते. सगळ्या संचातला हा एक अतिशय आनंदी वॉल्ट्झ. आणि त्या जुलैत दिनू बरा होता. बोटांत बळ होतं, तास होते, समोर वाद्य होतं. हा वॉल्ट्झ बेझांसाँला हातून सुटला, पण त्याआधी तो वाजून झालेला आहे. त्याच माणसाच्या हातून, मनासारखा. मला पूर्वी वाटायचं, की तेराच्या पुढे हा जोडून एकदा अख्खा संच ऐकावा. आता वाटत नाही. बेझांसाँचे तेरा तेरा म्हणून पुरे आहेत. आणि जिनिव्हाचा चौदावा कुठल्या रिकाम्या जागेत भरायचं ठिगळ नाही, तो आपल्या जागी भरजरी आहे.

गेल्या दिवाळीत माझी भाची आली होती. दहा वर्षांची, कथक शिकते. रात्री जेवणं झाल्यावर मी जिनिव्हाची तबकडी लावली. काय आहे, कोणाचं आहे, काही सांगितलं नाही. ती जमिनीवर पोटावर पडून चित्र रंगवत होती. दोन वॉल्ट्झ तिनं मान वर केली नाही. तिसऱ्याला तिच्या डाव्या हाताची बोटं आपोआप फरशीवर पडू लागली, एक जोरात, दोन हळू. मग ती उठून बसली.

“मावशी, हे नाचायचं आहे ना?”

“हो.”

“तीन-तीनचं आहे. दादऱ्यासारखं.” तिनं दोन्ही हात पसरून एक गिरकी घेतली, मग आणखी एक, तिसरीला तोल जाऊन ती माझ्या मांडीवर येऊन पडली. तबकडी चालूच होती. आम्ही दोघींनी शेवटपर्यंत ऐकलं. तुताऱ्यांची ती हाळी आली तेव्हा तिनं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, कुणी ओळखीचं दारात आल्यासारख्या.

संपल्यावर तिनं विचारलं, “कोण वाजवतंय गं?”

“दिनू,” मी म्हटलं.

“आपल्या समोरच्या दिनूदादासारखा?”

“तसाच.”

“लाव ना परत,” ती म्हणाली. मी उठले आणि सुई पहिल्या घरावर नेऊन ठेवली.